उतारा दुसऱ्या संगणकाला कळतो कसा?

निपाणीच्या शेतकऱ्याची थोडी जमीन कर्नाटकात आणि थोडी शिवेपलीकडे कागल तालुक्यात, असं सीमाभागात सर्रास आढळतं. कर्नाटकातला जमिनीचा उतारा तिथल्या जमीन-नोंदींच्या ‘भूमी’ प्रणालीतून कन्नडमध्ये निघतो, महाराष्ट्रातला सातबारा मराठीत. १९५६ पर्यंत दोन्ही बाजू मुंबई राज्याच्या एकाच महसुली पद्धतीत होत्या. आज दोन्हीकडच्या नोंदी संगणकावर आहेत, तरी त्यांची जुळणी कोणीतरी कागद शेजारी ठेवून डोळ्यांनीच करतो. तारेतून फाइल पाठवणं अवघड नाही. अवघड आहे ते नोंदीचा अर्थ तिच्यासोबत पोचवणं.

क्षेत्राचाच रकाना घ्या. त्यात १.१० लिहिलं असेल तर कर्नाटकात ते १ एकर १० गुंठे, म्हणजे साधारण ५०.६ आर. सातबाऱ्यावर तोच आकडा १ हेक्टर १० आर, म्हणजे ११० आर. दुपटीहून जास्त फरक! शिवाय एकराचे ४० गुंठे असल्यामुळे १.३० आणि १.३० यांची बेरीज २.६० होत नाही, ३ एकर २० गुंठे होते. माणसाला हे सवयीने कळतं, संगणकाला फक्त ठिपका दिसतो. म्हणून आकड्याबरोबर त्याचं एकक, नोंदीची तारीख आणि ती कोणत्या कार्यालयाने केली हेही त्याच नोंदीत बांधलेलं असावं लागतं. या सोबतच्या माहितीला मेटाडेटा म्हणतात. मला तर वाटतं, खात्यांमधल्या देवाणघेवाणीत सर्वांत कमी लक्ष मिळतं ते याच गोष्टीला.

नावांचं प्रकरण याहून गुंतागुंतीचं. ‘कदम’ कन्नडमध्ये लिहिताना शेवटचा म कोणी पूर्ण लिहितो, कोणी त्याचा पाय मोडतो, कोणी द पुढे अनुस्वार देऊन भागवतो. वाचणाऱ्याला माणूस एकच, संगणकाला तीन. त्यात रोमन लिपी मध्ये आली की माळी आणि माली एक होऊन बसतात, आणि परत मराठीत येताना कोण कोण होता ते सांगता येत नाही.

गंमत अशी की मराठी आणि कन्नड यांना रोमनचा वळसा घालायची गरजच नाही. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला क्रमांक असतो आणि भारतीय लिप्यांचे तक्ते ‘इस्की’ या भारतीय मानकाच्या क्रमाने एकासारखे एक मांडलेले आहेत. देवनागरी क चा क्रमांक २३२५, कन्नड क चा ३२२१, फरक ८९६. म २३५० आणि ३२४६, फरक पुन्हा ८९६. आपला ळसुद्धा २३५५ वरून ३२५१ वर, तेवढ्याच अंतरावर. म्हणजे ८९६ मिळवा किंवा वजा करा, बहुतेक अक्षरं लिपी बदलतात! अपवाद आहेत: कन्नडमधला ऱ्हस्व ए मराठीत वापरात नाही, आणि ‘ऑ’ला कन्नड तक्त्यात जोडीदार नाही. तेवढ्यापुरते वेगळे नियम लिहावे लागतात. जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमध्ये टंकलेल्या मजकुराला मात्र ही युक्ती लागू नाही; तो आधी युनिकोडमध्ये आणावा लागतो.

तरीही नोंदी जोडायच्या त्या नावावरून नव्हेच. नाव बदलतं, गावाचंही बदलतं. १ नोव्हेंबर २०१४ ला बेळगावचं अधिकृत नाव बेळगावी झालं, पण जमीन तसूभर हलली नाही. म्हणून गावाला संकेतांक हवा, शेताला स्वतःचा क्रमांक हवा. देशभरासाठी आखलेला ‘भू-आधार’ हा १४ अंकी-अक्षरी क्रमांक शेताच्या अक्षांश-रेखांशांवरून तयार होतो, त्यामुळे त्याला राज्याची हद्द आड येत नाही. कर्नाटकात दस्तनोंदणीच्या ‘कावेरी’तून खरेदीची माहिती फेरफारासाठी ‘भूमी’कडे जाते. तिथे दोन खाती एकाच राज्याची आहेत. दोन राज्यांत हे व्हायचं तर कोणता रकाना म्हणजे काय, हे आधी एकत्र बसून ठरवायला हवं.

आणि एकदा नोंद अशी नीट साठवली, की ती कोणत्या भाषेत छापायची हा शेवटचा टप्पा उरतो. रकान्यांची शीर्षकं मोजकीच, ती एकदाच भाषांतरित करायची, आकडे तेच, नावं लिप्यंतराने. खानापूर-निपाणीतल्या मराठी माणसाला त्याच नोंदीचा उतारा कन्नडसोबत मराठीतही देता येईल. तंत्र त्याच्या आड येत नाही, म्हणून ही मागणी आपण नेटाने करावी. फक्त नावाच्या बाबतीत यंत्रावर विसंबू नये: खातेदाराला समोर बसवून, त्याचं नाव दोन्ही लिप्यांत त्याच्याकडूनच तपासून घ्यावं आणि मगच नोंद पक्की करावी.