ओहमच्या छेदातलं दुसरं पद

शाळेत आपण विभवांतराला रोधाने भागतो आणि विद्युतधारा काढून मोकळे होतो. ही रीत शोधताना गेऑर्ग सिमोन ओहमला गणितापेक्षा जास्त छळलं ते त्याच्या विद्युतघटाने.

कुलूपं बनवणाऱ्या कारागिराचा हा मुलगा १८१७ पासून कोलोनच्या शाळेत शिकवत होता. १८२५ मध्ये त्याने प्रयोग केले तेव्हा हाताशी व्होल्टाच्या पद्धतीचा घट होता. तार जोडली की त्याचा जोर ओसरायचा, काढली की थोडा परत यायचा. अशा मोजमापांवरून ओहमने लॉगरिथमचं सूत्र बसवलं आणि छापलंही. ते चुकीचं होतं.

झेबेक या शास्त्रज्ञाने तोवर दाखवलं होतं की दोन धातूंचे सांधे वेगवेगळ्या तापमानाला ठेवले की धारा वाहते. घटाऐवजी हेच वापर, असं भौतिकशास्त्राच्या नियतकालिकाचा संपादक पोगेनडॉर्फ याने ओहमला सुचवलं. ओहमने बिस्मथ आणि तांबं जोडून एक सांधा उकळत्या पाण्यात ठेवला, दुसरा बर्फात. दोन्ही तापमानं जागची हलत नाहीत, त्यामुळे विभवांतरही हलत नाही. या सगळ्या हकिकतीत मला सर्वांत सुंदर वाटते ती ही युक्ती. मग २ ते १३० इंच लांबीच्या तांब्याच्या आठ तारा एकेक करून जोडायच्या, आणि धारेमुळे वळलेली चुंबकसूची जागेवर आणायला तिच्या टांगणीला किती पीळ द्यावा लागतो ते मोजायचं.

१८२६ मध्ये बरोबर सूत्र हाती आलं. त्याच्या छेदात तारेच्या लांबीत मिळवलेली एक स्थिर संख्याही होती: स्रोतासकट उरलेल्या परिपथाचा वाटा. घटाच्या बाबतीत त्यालाच आपण अंतर्गत रोध म्हणतो, आणि गणितं सोडवताना नेमका तोच विसरतो. १.५ व्होल्टच्या घटाचा अंतर्गत रोध १ ओहम असेल आणि बाहेर ४ ओहमचा रोध जोडला, तर धारा ०.३ अँपिअर येते. नुसत्या ४ ने भागलं तर ०.३७५ येईल.

१८२७ मध्ये ओहमचं पुस्तक आलं, पण जर्मनीत त्याचं थंडं स्वागत झालं. लंडनच्या रॉयल सोसायटीने कोप्ली पदक दिलं ते १८४१ मध्ये.

फाटे फुटलेल्या परिपथात मात्र एका भागाकाराने भागत नाही. १८४५ मध्ये २१ वर्षांच्या किरखोफ या जर्मन शास्त्रज्ञाने त्यासाठी दोन नियम दिले: सांध्यात जेवढी धारा येते तेवढीच बाहेर पडते, आणि कोणत्याही बंद वळशात विभवांतरांची बेरीज शून्य होते.