इश्वलची पुनर्बांधणी आणि तिच्यामागचं होक्काइदो

'फुलमेटल अल्केमिस्ट: ब्रदरहुड' या अ‍ॅनिमेचा (जपानी अ‍ॅनिमेशन मालिकेचा) चौसष्टावा आणि शेवटचा भाग ४ जुलै २०१० रोजी प्रसारित झाला. लढाई आधीच संपलेली आहे. रुग्णालयात कर्नल रॉय मस्टँग डोळे गमावून बसलाय आणि त्या अवस्थेतही त्याचा इश्वलचा, म्हणजे त्याच्याच लष्कराने जिथल्या लोकांची कत्तल केली त्या भूमीचा, अभ्यास चालू आहे. तेवढ्यात डॉक्टर मार्को एक परीस घेऊन येतात. त्याने दृष्टी परत येईल, पण त्यांची अट आहे : इश्वलच्या लोकांना त्यांच्या भूमीत परतू द्यायचं, आणि मला तिथे डॉक्टर म्हणून राहू द्यायचं. हा परीस इश्वलच्याच माणसांचे जीव घेऊन बनलेला. मस्टँग तो स्वीकारतो, पण आधी आपल्या पांगळ्या झालेल्या सहकाऱ्याला, हॅव्हॉकला, बरं करा म्हणतो. त्या परिसाचं ओझं त्याला पुरतं ठाऊक आहे, कारण इश्वल जाळणाऱ्या सरकारी किमयागारांत तो स्वतः होता.

हा प्रसंग कुठून आला ते समजायला जपानच्या उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावर जावं लागतं. मूळ मांगाच्या (जपानी चित्रकथेच्या) लेखिका हिरोमु अराकावा तिथल्या दुग्धव्यवसाय करणाऱ्या शेतकरी कुटुंबातल्या. चित्रकार होण्याआधी सात वर्षं घरच्या शेतावर राबलेल्या. त्यांचे पूर्वज त्या बेटावर वसाहत करायला आलेले. १८६९ मध्ये मेइजी सरकारने बेटाला होक्काइदो हे नाव दिलं, वसाहत खातं उघडलं आणि मूळच्या ऐनू लोकांची जमीन बाहेरून आलेल्यांना वाटली. शिकार आणि सामन मासेमारीवर बंधनं आली. १८९९ च्या कायद्याने तर 'संरक्षण' म्हणत ऐनूंना शेतकरी बनवायला घेतलं, शाळांमधून त्यांची भाषा पुसली. तो कायदा रद्द व्हायला १९९७ उजाडलं. इश्वल रेखाटताना हा इतिहास मनात होता, असं अराकावा यांनी सांगितलं आहे. त्या भागांसाठी त्या दुसऱ्या महायुद्धात लढलेल्या जपानी सैनिकांशीही बोलल्या होत्या.

याच मांगावरची २००३ ची पहिली मालिका आली तेव्हा मांगा अपुराच होता, त्यामुळे तिने स्वतःचा वेगळा शेवट केला. अराकावांचा शेवट ११ जून २०१० रोजी छापून आला आणि तीन आठवड्यांत पडद्यावर पोचला.

पुनर्बांधणीच्या विटा-माती या भागात फारशा दिसत नाहीत. दिसतात ते निर्णय, आणि मला तेच मोलाचं वाटतं. कुणी कुणाला माफ करत नाही. अंगात इश्वली रक्त असलेला लष्करी अधिकारी माइल्स आपल्या लोकांच्या कामाला लागतो आणि स्कारला सोबत बोलावतो. हा स्कार म्हणजे सूडापायी किमयागारांना मारत सुटलेला इश्वली माणूस, ज्याच्या हातून नायकांची बालमैत्रीण विनरी हिचे आईवडील, दोघेही डॉक्टर, मारले गेले. नाव विचारल्यावर तो म्हणतो, मी दोनदा मेलोय, हवं त्या नावाने हाक मारा. त्याचं खरं नाव मालिका शेवटपर्यंत सांगत नाही.