कोडी, प्लेक्स, जेलिफिन: टीव्हीजवळच्या संगणकामागची तीन घराणी

टीव्हीला संगणक जोडून घरचे चित्रपट त्यावर लावायचे ठरले, की कोडी, प्लेक्स आणि जेलिफिन ही नावे पुढे येतात. तिन्ही वापरून पाहिली तर लक्षात येते, की एकात जे आपोआप होते ते दुसऱ्यात काही केल्या जमत नाही. याचे कारण ही सॉफ्टवेअर मुळात कोणत्या कामासाठी तयार झाली, त्यात आहे. अशा सॉफ्टवेअरची घराणी तीन: टीव्ही रेकॉर्ड करणारे, कोडीचे, आणि प्लेक्स-जेलिफिनचे सर्व्हरवाले.

सर्वात जुने काम टीव्ही रेकॉर्ड करण्याचे. 2002 मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीची मीडिया सेंटर एडिशन आणली आणि त्याच वर्षी आयझॅक रिचर्ड्स यांनी लिनक्सवर मिथटीव्ही सुरू केले. दोन्हींचा जीव ट्यूनर कार्डात, म्हणजे टीव्हीचा सिग्नल संगणकात घेणाऱ्या कार्डात होता. आपल्याकडे ॲनालॉग केबलच्या काळात मिळणारी स्वस्त ट्यूनर कार्डे बीटी878 चिपची असत. ती कच्चे चित्र थेट प्रोसेसरवर ढकलत. ॲनालॉग टीव्हीसाठी मीडिया सेंटरला मात्र स्वतःचा एमपेग-2 एन्कोडर (चित्र दाबून लहान करणारी चिप) असलेले कार्डच लागे, म्हणून संगणकात व्यवस्थित बसवलेले हे स्वस्त कार्डही त्याला दिसत नसे. मिथटीव्ही ते चालवून घेई, पण रेकॉर्डिंगमध्ये प्रोसेसर पुरता गुंतून जाई. पुढे केबलचे डिजिटायझेशन झाले. मुंबईत 31 ऑक्टोबर 2012 ही मुदत होती. पुणे, नागपूर, नाशिकसाठी 31 मार्च 2013. वाहिन्या सेट-टॉप बॉक्सच्या कुलपात गेल्या आणि ही कार्डे निरुपयोगी ठरली. विंडोज 10 मधून तर मायक्रोसॉफ्टने मीडिया सेंटरच काढून टाकले.

कोडीचे घराणे वेगळे. 2001 च्या एक्सबॉक्स या मायक्रोसॉफ्टच्या गेम यंत्रात 733 मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, 64 एमबी रॅम आणि 8 जीबीची हार्ड डिस्क होती. हौशी प्रोग्रामरांनी मॉडचिप (बाहेरचे प्रोग्राम चालू देणारी चिप) बसवलेल्या यंत्रांसाठी आधी एक्सबॉक्स मीडिया प्लेयर लिहिला. त्यातून एक्सबीएमसी (एक्सबॉक्स मीडिया सेंटर) आले आणि जून 2004 मध्ये त्याची 1.0 आवृत्ती निघाली. ते मायक्रोसॉफ्टच्या विकास-संचावर बांधलेले असल्याने प्रकल्पाला फक्त सोर्स कोडच देता येई, तयार प्रोग्राम नाही. एवढ्याशा डिस्कवर चित्रपट किती मावणार? म्हणून फायली दुसऱ्या संगणकावर ठेवून नेटवर्कवरून उघडायच्या, आणि सोफ्यावरून रिमोटने चालवायचे. कोडीची ही चाल आजही तीच आहे. 733 मेगाहर्ट्झवर एचडी चित्रपट झेपेना, तेव्हा 2007 मध्ये लिनक्सकडे वळण्याचे काम सुरू झाले. 2008 च्या ‘अटलांटिस’ आवृत्तीपासून ते विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालू लागले. 2010 मध्ये मूळ एक्सबॉक्सचा आधार सुटला आणि 2014 मध्ये कोडी हे नाव आले.

एकट्या यंत्रासाठी जन्मल्याची खूण कोडीत पक्की उरली आहे. चित्रपटांची यादी आणि ‘पाहून झाले’ची नोंद ज्या त्या यंत्रातल्याच डेटाबेसमध्ये राहते. हॉलमध्ये अर्धा पाहिलेला चित्रपट बेडरूममधल्या कोडीला ठाऊक नसतो. नोंद सामाईक हवी असेल तर मारियाडीबी हा सामाईक डेटाबेस बसवून त्याचा पत्ता प्रत्येक यंत्रावरच्या ‘ॲडव्हान्सडसेटिंग्ज’ फायलीत लिहावा लागतो. इथे नेहमीची चूक म्हणजे एका यंत्रावर फोल्डर ‘डी ड्राइव्ह’ म्हणून जोडणे आणि दुसऱ्यावर एसएमबीने, म्हणजे नेटवर्कच्या पत्त्याने. मार्ग अक्षरशः सारखा नसेल तर दुसऱ्या यंत्रावर पोस्टर दिसते, पण फाइल उघडत नाही.

ही अडचण सर्व्हरच्या घराण्याला येत नाही. यात एक संगणक सर्व्हर होऊन फायली आणि नोंदी सांभाळतो, आणि टीव्हीवरचे ॲप त्याच्याकडून चित्रपट मागवते. प्लेक्स 2008 मध्ये एक्सबीएमसीच्याच मॅक आवृत्तीतून फुटले आणि पुढे त्याने सर्व्हर वेगळा केला. एम्बी या तशाच सर्व्हरची सुरुवात विंडोज मीडिया सेंटरवरच्या ‘मीडिया ब्राउझर’ या जोडणीतून झाली. 2018 मध्ये त्याचा कोड बंद होताच त्यातून जेलिफिन निघाले. यात नोंद एकाच जागी राहते, आणि टीव्हीला फाइल झेपत नसेल तर सर्व्हर तिचे रूपांतर करून पाठवतो. सोय मोठी, पण ब्लू-रे डिस्कवरची पीजीएस प्रकारची उपशीर्षके चित्ररूप असतात. टीव्हीवरच्या ॲपला ती दाखवता आली नाहीत, तर सर्व्हर त्यांना प्रत्येक फ्रेमवर छापत बसतो. 4के चित्रपट असेल तर साधा प्रोसेसर तिथेच धापा टाकतो. साध्या मजकुराची एसआरटी उपशीर्षके यूटीएफ-8 या अक्षर-सांकेतिकीत वापरली की हा भार बहुतेक वेळा टळतो.

आमच्या मते एकच टीव्ही असेल तर कोडीच घ्यावे, आणि पहिल्याच दिवशी रिफ्रेश रेट (टीव्ही सेकंदाला किती वेळा चित्र ताजे करतो तो दर) बघावा. चित्रपट सेकंदाला 23.976 फ्रेमचा आणि टीव्ही 60 हर्ट्झवर, त्यामुळे कॅमेरा सावकाश सरकतो तेव्हा चित्र अडखळते. सेटिंग्जमध्ये प्लेयर, मग व्हिडिओज, आणि तिथे ‘ॲडजस्ट डिस्प्ले रिफ्रेश रेट’ला ‘ऑन स्टार्ट/स्टॉप’ द्यावे. पर्याय दिसत नसेल तर डावीकडे खाली असलेल्या गिअरच्या चिन्हाने पातळी ‘एक्स्पर्ट’ करावी. दर बदलताना टीव्ही क्षणभर काळा पडतो, तो दोष नव्हे.

रास्पबेरी पाय 3बी या तळहाताएवढ्या संगणकावर 4के चित्रपट चालवायला जाऊ नये. त्याचा नेटवर्क पोर्ट 100 मेगाबिटचा आहे, तर 4के डिस्कवरचा प्रवाह त्याहून वर चढू शकतो. पाय 4 ला एचईव्हीसी या पद्धतीने दाबलेले 4के जमते, मात्र अडॅप्टर 5.1 व्होल्ट, 3 अँपिअरचाच हवा. फोनच्या चार्जरवर ताण येताच पडद्याच्या कोपऱ्यात विजेचे चिन्ह चमकते. वीज वारंवार जात असेल तर एसडी कार्डही बिघडते, म्हणून लिब्रेइलेकच्या (पायवर फक्त कोडी चालवणाऱ्या छोट्या लिनक्सच्या) सेटिंग्जमधून बॅकअप घेऊन ती फाइल दुसऱ्या संगणकावर ठेवावी.