‘आवा मारू’ : अभयवचन, धुके आणि सोन्याची अफवा

‘आवा मारू’ हे जपानी प्रवासी जहाज नागासाकीत १९४३ मध्ये बांधून पूर्ण झाले आणि थेट लष्करी वाहतुकीला जुंपले गेले. ११,२४९ टनांच्या या जहाजाला ऑगस्ट १९४४ मध्ये ताफ्यासोबत जाताना टॉर्पेडो लागला, तरी ते बुडाले नाही. फिलिपिन्समधल्या लुझॉन बेटाच्या किनाऱ्यावर चढवून नंतर मनिलाला ओढत नेले.

१९४५च्या सुरुवातीला दोस्त राष्ट्रांच्या युद्धकैद्यांसाठी मदतसाहित्य न्यायला अमेरिकेने या जहाजाला अभय दिले, जाताना आणि येतानाही. अंगावर पांढरे क्रॉस, रात्री दिवे. सिंगापूरहून परतताना मात्र त्यात रबर, कथील आणि दोन हजारांवर माणसे होती. १ एप्रिलच्या रात्री तैवानच्या सामुद्रधुनीत ‘क्वीनफिश’ या अमेरिकी पाणबुडीने दाट धुक्यात, केवळ रडारच्या भरवशावर, विनाशिका समजून चार टॉर्पेडो सोडले. चारही लागले. एकच माणूस वाचला. बुडवले ते कोणते जहाज, हे पाणबुडीवाल्यांना त्याच्याकडूनच कळले.

पाणबुडीच्या कमांडरवर लष्करी न्यायालयात खटला चालला. तिथे त्याचा बचाव असा झाला की, युद्धोपयोगी माल भरल्यावर अभय उरलेच कुठे? हा युक्तिवाद आजही चालतो, पण तो लंगडा आहे. कमांडरला मालाचा पत्ताच नव्हता. मग माल हे हल्ल्याचे कारण कसे ठरेल? खरा घोळ संदेशांचा होता. जहाजाचा मार्ग सांगणारे, सांकेतिक नसलेले संदेश कमांडरच्या नजरेखालून गेलेच नव्हते. नंतरच्या सांकेतिक आदेशात तारखा, दिवे, क्रॉस सगळे होते. मार्ग तेवढा नव्हता. आता धुक्यात क्रॉस कोणाला दिसणार? तीन आरोपांपैकी फक्त आदेशपालनातील हयगय सिद्ध झाली आणि शिक्षा म्हणून समजपत्र मिळाले. एवढ्या सौम्य निकालाबद्दल वरिष्ठांनी न्यायालयाच्या सदस्यांनाच फैलावर घेतले. अमेरिकी सरकारने जबाबदारी मान्य केली होती, पण १९४९ मध्ये दोस्त राष्ट्रांच्या ताब्यातल्या जपानने भरपाईचा दावा सोडून दिला. दावा ‘सोडला’ की सोडायला लावला, हे ज्याने त्याने ठरवावे. मृतांच्या घरच्यांना सानुग्रह रक्कम जपाननेच दिली.

पुढे जहाजात सोने, प्लॅटिनम, हिरे असल्याची बोलवा उठली; पेकिंग मानवाचे (चीनमध्ये सापडलेल्या आदिमानवाचे) हरवलेले जीवाश्मही लोकांनी त्यातच शोधले. चीनने १९७७ ते १९८० या काळात बुडीत सांगाडा उपसला. मृतांचे अवशेष जपानला परत केले गेले. खजिना मिळाला नाही. जुने पकडलेले संदेश अमेरिकेत पुन्हा चाळल्यावर निष्कर्ष निघाला की, तो खजिना उलट दिशेने, सिंगापूरमार्गे थायलंडला जायचा होता.