एव्हरेस्टला हेलिकॉप्टरनं जायचं तर वर पाचच मिनिटं का?

सकाळी सहाच्या सुमाराला काठमांडूतून उडायचं, ३,८८० मीटरवरच्या हॉटेलात एव्हरेस्ट समोर ठेवून नाष्टा करायचा आणि दुपारच्या जेवणाला परत काठमांडूत. ही टूर आता कोल्हापुरातही बऱ्यापैकी विचारली जातीय. रंकाळ्यावर सकाळी फिरणाऱ्या साठीच्या पुढच्या मंडळींत तर हा विषय हमखास निघतो, कारण हौस दांडगी असते पण गुडघे म्हणतात बाबा आता पन्हाळा गाडीनंच बघू. आणि मग तेच तीन प्रश्न. हेलिकॉप्टर शिखरावरून नेतात का? एवढे पैसे घेऊन वर पाच-दहा मिनिटंच का थांबवतात? आणि ट्रेकवाल्यांना बेस कॅम्पला पोचायला आठ-नऊ दिवस लागतात, तिथं हे दोन-तीन तासांत पोचतात तर ह्यांना काही होत कसं नाही?

तिन्हीचं उत्तर एकच आहे, विरळ हवा. ती माणसाच्या फुप्फुसाला जेवढी नडते तेवढीच हेलिकॉप्टरलाही नडते, फक्त दोघांची रड वेगळी.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो. नाही, शिखरावरून कोणी नेत नाही. एव्हरेस्ट ८,८४८.८६ मीटर उंच, टूरचं हेलिकॉप्टर जाऊन जाऊन बेस कॅम्पजवळच्या काला पत्थर ह्या टेकाडापर्यंत जातं, म्हणजे साडेपाच हजार मीटरच्या थोडं वर, तिथून शिखर आणखी तीन किलोमीटर उंच असतं आणि आपण ते खालून मान वर करून बघतो. जाहिरातीतल्या फोटोंमुळं लोकांचा गैरसमज होतो. बेस कॅम्पवर (५,३६४ मीटर) न उतरता काला पत्थरला का, तर बेस कॅम्पवरून एव्हरेस्टचं टोक दिसतच नाही, मध्ये नुप्त्से शिखर आणि एव्हरेस्टचाच पश्चिमेकडचा खांदा येतो. आठ दिवस चालून बेस कॅम्पला पोचल्यावर हे कळलेले ट्रेकर मी पाहिलेत, तोंडं बघण्यासारखी असतात.

आता हवेचं बघू. लोक म्हणतात वर ऑक्सिजन कमी असतो, ते अर्धंच खरं. हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण कोल्हापुरात २१ टक्के, काला पत्थरला २१ टक्के आणि शिखरावरही २१ टक्केच. कमी होतो तो हवेचा दाब, म्हणजे एका श्वासात येणारी हवाच कमी. आपलं कोल्हापूर साधारण साडेपाचशे मीटरवर, इथं समुद्रकाठच्या मानानं ९४ टक्के दाब असतो. काला पत्थरला तो जवळपास निम्मा होतो, शिखरावर तर एक तृतीयांश. दाब कमी झाला की पाणीही लवकर उकळतं, काला पत्थरच्या उंचीवर ८२ अंशांच्या आसपासच, म्हणून तिकडं कुकरशिवाय डाळ शिजायचं नाव घेत नाही.

हेलिकॉप्टरला ह्याचं काय? पात्यांनी हवा खाली ढकलायची आणि त्या बदल्यात आपण वर जायचं, एवढाच त्याचा धंदा. पैलवानाला डाव टाकायला पायाखाली घट्ट माती लागते, तसं पात्याला ढकलायला हवा लागते. ती विरळ झाली की त्याच पात्यातून उचल कमी मिळते. मग पाती जोरात फिरवा की, असं वाटेल. पण तिकडं नेपाळात सर्रास वापरतात त्या एच१२५ (जुनं नाव एएस३५० बी३) जातीच्या हेलिकॉप्टरचं पात्यांचं वर्तुळ १०.६९ मीटर व्यासाचं, आणि ते मिनिटाला ३९० च्या आसपास फेरे मारतं, म्हणजे पात्याचं टोक आत्ताच ताशी पावणेआठशे किलोमीटरनं पळतंय. त्यात पुढं जायचा वेग मिळवला की पुढं जाणाऱ्या बाजूचं पातं आवाजाच्या वेगाजवळ जायला लागतं आणि तिथून पुढं नुसता धक्का नि थरथर वाढते, उचल नाही. म्हणून फेरे वाढवायचे नाहीत, पात्याचा कोन वाढवायचा. कोन वाढवला की ते जास्त हवा कापतं पण इंजिनवर जोर येतो, आणि इंजिनही तीच विरळ हवा खात असल्यामुळं त्याचाही दम कमी झालेला. कोन एका मर्यादेबाहेर गेला तर हवा पात्यावरून सुटते आणि उचल पडते.

एक हिशोब करून दाखवतो, मला ह्यातलं सगळ्यात भारी वाटतं ते हेच. हवा किती दाट हे नुसत्या उंचीवर नाही, तापमानावरही ठरतं. एप्रिलात कोल्हापूरचा पारा ३८ ला गेला की उजळाईवाडीच्या धावपट्टीवरची हवा जवळजवळ दीड हजार मीटर उंचीवरच्या हवेइतकी विरळ होते. म्हणजे आपण गाव न सोडता काठमांडूच्या उंचीला पोचलो, हेलिकॉप्टरच्या दृष्टीनं. आता काला पत्थर घ्या. पहाटे तिथं समजा उणे दहा अंश आहे आणि दुपारी शून्य झालं, तर त्या दहा अंशांत हवा साधारण चार टक्के विरळ होते. हेलिकॉप्टर भरून दोन हजार किलोचं धरलं तर चार टक्के म्हणजे ऐंशी किलो. एक अख्खा माणूस! हिशोब ढोबळ आहे, पण सकाळी सहाची घाई कशाला करतात ते ह्यातून कळतं. शिवाय ऊन चढलं की दरीतून वर वारे सुटतात, ढग त्यांच्याबरोबर वर येतात, दहा-अकरानंतर एव्हरेस्ट दिसेलच असं कोणी लिहून देत नाही.

आणि म्हणूनच वजनकाटा. टूरमध्ये पाच जण काठमांडूतून निघतात खरे, पण वाटेत लुक्ला (२,८६० मीटर) किंवा फेरिचेला (सव्वाचार-साडेचार हजारच्या दरम्यान) सगळ्यांना उतरवून दोन-तीन, दोन-तीन अशा खेपा काला पत्थरला मारतात. लोकांना वाटतं आपल्याला ताटकळत ठेवलं. तसं नाही हो, पाच जण घेऊन गेलं तर वर स्थिर राहायला इंजिनाकडं ताकदच शिल्लक राहत नाही. जमिनीच्या अगदी जवळ असताना पात्यांची हवा जमिनीला अडून थोडा टेकू मिळतो, मैदानात पायलट त्यावर निवांत तरंगतो, पण काला पत्थरसारख्या उतारावर हा टेकू अर्धवट मिळतो. त्यामुळं वाऱ्याच्या तोंडाला, थोडा वेग ठेवून यायचं आणि टेकवायचं. इंजिन बंद करत नाहीत, एवढ्या थंडीत आणि विरळ हवेत ते परत चालू झालं नाही तर? पाती फिरतच असतात, आपण वाकून उतरायचं, फोटो काढायचे, पाच-दहा मिनिटांत आत.

मग कोणी एव्हरेस्टच्या टोकावर उतरलंच नाही का? उतरलंय. १४ मे २००५ ला दिदिए देल्साल ह्या फ्रेंच टेस्ट पायलटनं ह्याच जातीचं हेलिकॉप्टर शिखरावर टेकवलं, ३ मिनिटं ५० सेकंद. दुसऱ्या दिवशी परत जाऊन तेच केलं, नाद करायचा नाही! पण एकटा होता, मागच्या सीट काढून टाकलेल्या, आणि दऱ्यांतले वर चढणारे वारे पकडत गेला. त्याच्याही आधी, २१ जून १९७२ ला, ज्याँ बुले हा फ्रेंच पायलट लामा जातीच्या हेलिकॉप्टरनं १२,४४२ मीटरवर गेला होता. वर इंजिन बंद पडलं ते पडलंच. मग बुलेनं खालून येणाऱ्या हवेवर नुसती पाती फिरत ठेवून हेलिकॉप्टर जमिनीपर्यंत आणलं. ही सोय हेलिकॉप्टरला असते, इंजिन गेलं म्हणजे दगडासारखं पडत नाही, फक्त खाली उतरायला सपाट जागा पाहिजे, जी हिमालयात नसते.

हे लामा आपल्याला परकं नाही. भारतीय सैन्याची गरज समोर ठेवूनच फ्रेंचांनी ते बनवलं आणि हिंदुस्थान एरोनॉटिक्सनं 'चीता' नावानं इथं तयार केलं. चंदगड, गडहिंग्लज, कागलकडं गावोगाव फौजी आहेत, त्यातल्या सियाचिनला राहून आलेल्या कोणालाही विचारा, चीता म्हणजे काय ते. वरच्या चौक्यांवर एका खेपेला मोजकं सामान घेऊन ते जातं, तिथंही भानगड तीच, वजन आणि हवा.

आता शरीराकडं येऊ. रक्तातला ऑक्सिजन घटला की मानेतल्या धमनीजवळच्या बारीक गाठी मेंदूला खबर देतात आणि श्वास वाढतो. जास्त श्वास म्हणजे जास्त कार्बन डायऑक्साइड बाहेर, रक्त अल्कलीकडं झुकतं, मग मेंदूच म्हणतो पुरे कर श्वास. हा तिढा मूत्रपिंडं सोडवतात, लघवीवाटे बायकार्बोनेट (रक्तातलं अल्कली) टाकून, पण त्याला दिवस लागतात. ट्रेकवाले उंचीसाठी घेतात ती डायमॉक्सची गोळी हेच काम जरा लवकर करते. लाल पेशी वाढायला तर आठवडे जातात. कोल्हापूरच्या कस्तुरी सावेकरनं २०२२ मध्ये एव्हरेस्ट सर केलं, अशा मोहिमा दीड-दोन महिन्यांच्या असतात त्या ह्याचसाठी, सगळा वेळ काही चढण्यात जात नाही. ट्रेकचा नियमही तोच, तीन हजार मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबायचं.

हेलिकॉप्टरवाला ह्यातलं काहीच करत नाही. तरी वाचतो, कारण उंचीचा आजार (डोकं ठणकणं, मळमळ, चक्कर) चढायला साधारण सहा ते बारा तास घेतो आणि तोवर आपण काठमांडूत जेवत असतो. पण ऑक्सिजनची कमतरता लगेच सुरू होते. एवढ्या उंचीवर सवय नसलेल्या माणसाच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला तर आकडा ७०-८० च्या घरात दिसू शकतो, कोविडमध्ये आपण ९४ खाली गेलं की घाबरायचो. माणूस बरा दिसतो, हसतो, उलट जरा जास्तच खुशीत असतो, आणि तीच गोम आहे, ऑक्सिजन कमी पडलेल्या मेंदूला आपलं काही चुकतंय हे कळत नाही. वर दहा पावलं पळून बघा, कळेल. हृदयाचा झटका नुकता येऊन गेलेला, फुप्फुसाचा जुना आजार, अंगात रक्त फार कमी, अशांनी आपल्या डॉक्टरला विचारल्याशिवाय जाऊच नये.

खरा धोका मुक्काम करणाऱ्यांना. तेच ३,८८० मीटरवरचं हॉटेल १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला सुरू झालं तेव्हा पाहुण्यांना छोट्या विमानानं थेट जवळच्या धावपट्टीवर आणायचे, आणि रात्री लोक आजारी पडायचे, खोल्यांत ऑक्सिजनची सोय ठेवावी लागली. नाष्ट्याला तासभर थांबणं वेगळं आणि रात्र काढणं वेगळं.

अपघाताचं न सांगता पुढं जाणं बरोबर नाही. ११ जुलै २०२३ ला एव्हरेस्ट भागातून काठमांडूला परतणारं पर्यटकांचं हेलिकॉप्टर कोसळलं, सहाही जण गेले. १५ जून २०२५ ला केदारनाथहून गुप्तकाशीला येणारं हेलिकॉप्टर गौरीकुंडजवळ पडलं, सात जण गेले, त्यात महाराष्ट्रातली माणसं होती. केदारनाथ ३,५८३ मीटरवर, एव्हरेस्टच्या मानानं कमी, पण अरुंद दरी आणि क्षणात भरून येणारे ढग तेच. तिथं पायलट आज नाही म्हणाला तर आपली माणसं भांडतात, पैसे भरलेत म्हणतात. पावसाळ्यात तर जाऊच नका, मार्च ते मे किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर.

माझं मत विचाराल तर ज्यांना चालणं शक्यच नाही त्यांनी खुशाल जावं, त्यात कमीपणा काही नाही. पण ज्यांनी पन्हाळा-पावनखिंड पावसात चिखल तुडवत केलंय आणि पाय शाबूत आहेत, त्यांनी वर चालत जावं आणि परत येताना हेलिकॉप्टर घ्यावं. उतरताना शरीराला कसली सवय करावी लागत नाही, उलट जेवढं लवकर खाली तेवढं बरं, आणि बेस कॅम्पच्या अलीकडच्या गोरक्षेप ह्या शेवटच्या मुक्कामाहून असे येणारे बरेच असतात. शिवाय चालत गेलेल्याचे पैसे वाटेतल्या लॉजवाल्यांना, हमालांना मिळतात. जानेवारी २०२५ मध्ये खुंबूतल्या (एव्हरेस्टच्या भागातल्या) स्थानिकांनी टूरची उड्डाणं अडवली होती ती ह्याच रागातून, पर्यटक डोक्यावरून जातात, खाली फक्त आवाज राहतो. फक्त आजारी नसताना कोणी "इन्शुरन्सवर रेस्क्यू करू" म्हणाला तर नको म्हणा, २०१८ मध्ये नेपाळ सरकारच्या चौकशीत असल्या खोट्या रेस्क्यूंचं मोठं प्रकरण बाहेर आलं होतं.

आणि बुकिंगच्या फॉर्मवर वजन खरं लिहा. बॅग, जॅकेट, कॅमेरा सगळं धरून. पाच-सात किलो लपवून काही उपयोग नाही, काठमांडूत काट्यावर उभं करतातच.