पार्श्वभूमी : २००८ चा मुंबई खटला आणि वीस आठवड्यांची रेघ

२००८ मध्ये मुंबईतल्या एका जोडप्याने गर्भातलं व्यंग कळल्यावर, वीस आठवडे उलटून गेले असतानाही, उच्च न्यायालयाकडे गर्भपाताची परवानगी मागितली. हा खटला पडद्यावर मांडायचा म्हटलं, तर युक्तिवादाचे प्रसंग मोजकेच निघतील. खरी ओढाताण तारखांची आहे.

गरोदरपणाचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, म्हणजे गर्भधारणेच्या साधारण दोन आठवडे आधीपासून. गर्भातलं व्यंग शोधणारी सविस्तर सोनोग्राफी १८ ते २० आठवड्यांत होते. तिथे हृदयाबद्दल शंका आली की गर्भाच्या हृदयाची वेगळी इको तपासणी, त्यानंतर दुसऱ्या तज्ज्ञाचं मत. गर्भजल काढून गुणसूत्रं तपासायची तर अहवालालाच दोन-तीन आठवडे लागू शकतात. गर्भपाताला काही अटींवर मुभा देणाऱ्या १९७१ च्या कायद्याची मर्यादा मात्र २० आठवड्यांची. त्या काळात गर्भातलं हृदय इतक्या बारकाईने बघायची सोयच नव्हती, त्यामुळे ही मर्यादा कुणाला खुपली नसावी.

या खटल्यातल्या बाईंना गर्भाच्या हृदयात पूर्ण ‘हार्ट ब्लॉक’ (हृदयाच्या वरच्या कप्प्यांतले विद्युत संकेत खालच्या कप्प्यांपर्यंत न पोहोचणं) असल्याचं कळलं, तेव्हा चोविसावा आठवडा चालू होता. वीस आठवड्यांनंतर कायद्यात एकच दार उघडं होतं, कलम ५ : आईचा जीव वाचवण्यासाठी गर्भपात तातडीने आवश्यक असेल तरच. तिच्या जिवाला धोका नव्हता. ४ ऑगस्ट २००८ रोजी उच्च न्यायालयाने परवानगी नाकारली. कायद्यात भर घालणं हे संसदेचं काम, आमचं नव्हे, ही न्यायालयाची भूमिका होती. त्याच महिन्यात तिचा गर्भ आपोआप पडला.

‘वीस आठवडे उलटले म्हणून नकार’ एवढंच लोकांच्या लक्षात राहिलं. निकाल त्याहून पुढे गेला होता. हे जोडपं वेळेत आलं असतं तरी वैद्यकीय मतावरून परवानगी देणं कठीण होतं, असंही न्यायालय म्हणालं. कारण कलम ३ मधली शब्दरचना : मूल ‘गंभीररीत्या अपंग’ होईल अशा शारीरिक वा मानसिक दोषांचा ‘भरीव धोका’ हवा. भरीव म्हणजे शंभरात किती? जन्मल्यापासून पेसमेकर लावावा लागणं हे गंभीर अपंगत्व की उपचार करता येण्याजोगा आजार? कायदा गप्प. डॉक्टरांच्या समितीने तर अपंगत्वाची शक्यता आधी ‘बऱ्यापैकी’ म्हटली आणि नंतर ती दुरुस्त करून ‘अगदी कमी’ केली. एका विशेषणावर इतकं ओझं टाकणारा कायदा सदोषच म्हणायला हवा.

१८६० च्या दंडसंहितेत गर्भपात गुन्हा होता. १९६४ मध्ये नेमलेल्या समितीच्या शिफारशींवर १९७१ चा कायदा बेतला गेला. त्याने डॉक्टरांना संरक्षण दिलं. बाईला हक्क म्हणून काही दिलं नाही.

कायदा दुरुस्तीच्या २०१४ च्या मसुद्यात २४ आठवडे आले, पण मसुदा रेंगाळला. मधल्या काळात एकेक बाई न्यायालयात जात राहिली. २०१६ मध्ये कवटी न बनलेल्या गर्भासाठी २४ व्या आठवड्यात परवानगी मिळाली. २०१७ मध्ये मुंबईतल्या अत्याचारपीडित १३ वर्षांच्या मुलीला ३० आठवडे उलटल्यावर.

२४ सप्टेंबर २०२१ पासून दुरुस्त कायद्याची नवी चौकट आली. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. २० ते २४ साठी दोघांचं, तेही नियमांत दिलेल्या गटांतल्या (उदा. अत्याचारपीडित, अल्पवयीन) स्त्रियांनाच. या गटांत अविवाहित स्त्रियाही येतात हे २०२२ च्या निकालाने स्पष्ट झालं. गर्भात ‘भरीव व्यंग’ असेल तर आठवड्यांची मर्यादाच नाही, फक्त वैद्यकीय मंडळाची संमती लागते. विनंती आल्यापासून मंडळाने ३ दिवसांत मत द्यायचं आणि परवानगी असेल तर ५ दिवसांत प्रक्रिया उरकायची.

आणि ‘भरीव’ची व्याख्या? ती याही वेळी राहिली. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २६ आठवड्यांच्या एका गरोदर स्त्रीला नकार दिला, तेव्हा २४ ची रेघ ओलांडल्यावर पुढची दोन कारणं ओळखीचीच होती : गर्भात व्यंग नाही आणि आईच्या जिवाला तातडीचा धोका नाही.