वेल्श दरबारी काव्य (लष्करी इतिहासाचे साधन)

वेल्समधील राजांच्या आश्रयाने सु. ११०० ते १२८२ या काळात रचलेली स्तुतिपर व शोकपर कविता. तिचा बराचसा भाग सु. १३०० च्या हेंद्रेगाद्रेद हस्तलिखितात आणि नंतरच्या ‘हेर्गेस्टचा लाल ग्रंथ’ या संग्रहात आढळतो. सात खंडांतील चिकित्सक आवृत्ती १९९१–९६ मध्ये निघाली.

वेल्श कायद्यानुसार राजाच्या घरच्या पथकाबरोबर (तेइली) स्वारीवर जाणाऱ्या कवीला लुटीतले एक जनावर मिळे. लढाई जुंपल्यास त्याने पथकापुढे ‘ब्रिटनचे स्वामित्व’ हे गीत म्हणावयाचे असे. युद्ध या कवींना केवळ ऐकून माहीत नव्हते, एवढे यावरून म्हणता येते. मात्र त्यांच्या कवनांतून लढायांचा वृत्तान्त काढणे जोखमीचे आहे. ११५७ मध्ये इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री याचे आरमार वायव्य वेल्सलगतच्या अँगलसी बेटावर उतरले व पराभूत झाले. ग्वालख्मै अप मैलिरच्या प्रसिद्ध कवनात आयर्लंड, स्कँडिनेव्हिया आणि नॉर्मंडी अशी तीन आरमारे चालून येतात आणि रक्ताच्या भरतीने बेट व मुख्य भूमी यांमधील मेनाइच्या सामुद्रधुनीला ओहोटीच लागत नाही. श्रेय अर्थातच उत्तर वेल्समधील ग्विनेदचा राजा ओवाइन ग्विनेद याला. इतिवृत्तांत फक्त राजाचे आरमार आहे. ओवाइन त्या सुमारास मुख्य भूमीवर हेन्रीसमोर उभा होता आणि बेटावर लढले ते स्थानिक लोक. तीन आरमारांचा तपशील अलंकारिक मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

‘हिर्लास ओवाइन’ या कवितेबाबतचा वाद ती कोणी रचली याविषयी आहे. मायलोर या प्रदेशातील बंदिवासातून मेउरिग नावाच्या माणसाला सोडविणाऱ्या स्वारीनंतरची (सु. ११५६) मेजवानी हा तिचा प्रसंग. यजमान पेयवाहकाला एकेका योद्ध्याकडे शिंग न्यायला सांगतो. पडलेल्यांचीही आठवण निघते. परंपरेने ही रचना मध्य वेल्समधील पोविसचा राजा ओवाइन कव्हेल्योग याची. अलीकडे ती किन्देलू या व्यावसायिक कवीची असावी, असे मत पुढे आले असून त्याकडे कल वाढत आहे. तसे असल्यास सेनानायकाची साक्ष म्हणून तिचे मोल घटते. पथकातील मानमरातबाविषयी तिचे मोल कायम राहते.

शस्त्रांपैकी भाला, तलवार, ढाल व चिलखत वारंवार येतात, धनुष्य क्वचितच. आग्नेय वेल्समधील ग्वेंटच्या धनुर्धरांची वाखाणणी जेरल्ड ऑफ वेल्स या लेखकाने सु. ११९४ मध्ये केली आहे; पण धनुष्य हे उमरावांचे शस्त्र नव्हते आणि उपलब्ध कविता मुख्यतः ग्विनेद व पोविसची. रसद व छावणी यांविषयी कवी जवळजवळ मौन पाळतात. ११ डिसेंबर १२८२ रोजी ग्विनेदचा राजा ल्लेवेलिन अप ग्रिफिद एका चकमकीत मारला गेला. त्याच्यावरील कवी ग्रिफिद अब अर अनद कोखच्या शोकगीतात वारा, पाऊस, एकमेकांवर आदळणारे ओक वृक्ष आणि राजाचे छाटलेले शिर आहे. चकमकीचा क्रम समकालीन पत्रांत व इतिवृत्तांतच शोधावा लागतो.